रात्री उपाशी झोपू नकोस

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलंस, संध्याकाळी सहाला जेवतोस ते थेट दुसऱ्या दिवशी दहाला. सोळा तास पोटाला आराम! तेव्हा मी गप्प बसले, कारण फोनवर आपलं भांडणच होतं. म्हणून हे पत्र.

ज्याचं बघून तू हे धरलंस, त्या मित्राला नुसतं फॅटी लिव्हर आहे, वजन उतरवायचंय. त्याला हे मानवतही असेल. तुझ्या रिपोर्टवर सिरॉसिस लिहिलंय, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालंय. चांगलं यकृत दिवसा साखर साठवतं आणि रात्रभर पुरवून पुरवून वापरतं. तुझी ती साठवण तोकडी आहे. ती संपली की शरीर स्नायू मोडून खायला लागतं. धडधाकट माणसाचं दोन-तीन दिवसांच्या उपासानं जे होतं, ते सिरॉसिसमध्ये एका रात्रीत होतं.

बाबांचं घड्याळ तुझ्याकडेच आहे ना? पट्टा बघ. शेवटची तीन भोकं मी तापवलेल्या सुईनं पाडलेली आहेत. त्यांनाही हाच आजार. पोटात पाणी होतं, त्यामुळे काट्यावर वजन तेवढंच दिसायचं आणि मी निश्चिंत. मनगट मात्र महिन्यागणिक बारीक होत होतं. प्रोटीननं डोक्यावर परिणाम होतो, असं कुणी सांगितलं म्हणून मीच त्यांचं दूध, अंडी, डाळ बंद केली होती. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. डोक्यावर परिणाम करतो तो रक्तातला अमोनिया, आणि तो निस्तरायला स्नायूच मदत करतात, आणि आम्ही तेच झिजवत बसलो होतो! वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन हवं, म्हणजे तुझ्या ६० किलोला ७२ ते ९० ग्रॅम. दुधातलं आणि डाळी-कडधान्यांतलं जास्त सोसतं.

तर दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ उपाशी राहायचं नाही. सकाळी उठल्यावर न रेंगाळता खायचं. आणि झोपण्याआधी ग्लासभर दूध, एक केळं, ब्रेडचा एक स्लाइस. साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं होतात, रात्र निघते. भूक नसली तरी औषध समजून घे. मधुमेह निघालाच, तर प्रमाण डॉक्टरांना विचार.

पोटात पाणी किंवा पायावर सूज आली तर मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, पाकिटातल्या खाण्यातलं धरून. पण अळणी लागतं म्हणून ताट सारू नकोस, वर लिंबू पिळ. ते कमी सोडियमचं मीठ आपल्या मनानं आणू नकोस. त्यात पोटॅशियम असतं, आणि पाणी उतरवायच्या काही गोळ्यांनी ते आधीच वाढलेलं असतं.

दारूबद्दल लिहीत नाही. ते आपलं बोलून झालंय.

आज रात्री दहाला फोन करीन. तोंडात घास असू दे. नीट बोलता आलं नाही तरी चालेल.

तुझी,
आई