खोक्यावरच्या आकड्याबरोबर कारणही छापा: ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, ग्राहक व्यवहार

विषय: तीन वर्षांखालील मुलांची खेळणी आणि त्यांच्यासाठीचे साहित्य यांवरील सूचना, चाचण्या आणि सदोष माल परत मागवण्याची पद्धत

महोदय,

खेळण्याच्या खोक्यावर ‘3+’ असे छापलेले असते. घेणारे आईवडील ते वाचतात आणि म्हणतात, आमचे दोनच वर्षांचे आहे पण चलाख आहे, येईल त्याला. आणि खरोखरच येते. पण तो आकडा मुलाच्या घशाकडे बघून ठरवलेला असतो, चलाखीशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नसते, असले तर मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत आणि घेणाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत.

चाचणीच्या वेळी हे ठरवायला एक साधे नळकांडे वापरतात. त्याचा आतला व्यास 31.7 मि.मी. तळ तिरका, त्यामुळे एका कडेला खोली 25.4 आणि समोरच्या कडेला 57.1 मि.मी. खेळणे किंवा त्याचा सुटा भाग न दाबता, नुसत्या स्वतःच्या वजनाने, कसाही फिरवून त्यात पुरता मावला की ते तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बाद. आधी नव्या खेळण्यावर हे बघतात. मग ते आपटतात, पिळतात, ओढतात आणि निघालेले तुकडे पुन्हा नळकांड्यात टाकून बघतात. बाहुलीचा डोळा, गाडीचे चाक, खुळखुळ्यातले मणी हे नेमके या दुसऱ्या फेरीत बाहेर येतात. कापडी खेळण्याची शिवण 70 न्यूटनपर्यंत ताणून बघतात, म्हणजे साधारण सात किलो वजन टांगल्यासारखे. चेंडूचा निकष याहून कडक आहे. अमेरिकी नियमात 44.4 मि.मी. व्यासाच्या भोकातून जाणारा चेंडू तीन वर्षांखालच्या मुलांना चालत नाही. वेड्यावाकड्या तुकड्याच्या कडेने थोडीफार हवा जाते. गोल वस्तू घशात चपखल बसते आणि वाट चहूबाजूंनी बंद करते.

एवढे सगळे तपासून शेवटी ग्राहकाच्या हाती येतो तो नुसता आकडा. म्हणून पहिली मागणी ही की आकड्याशेजारी कारण छापणे सक्तीचे करा: ‘3 वर्षांखालील मुलांना देऊ नका. आत लहान चेंडू आहेत, श्वास कोंडतो.’ ‘दोरी लांब आहे, गळ्याभोवती फास बसू शकतो.’ खोक्याच्या दर्शनी बाजूला, वाचता येईल अशा अक्षरांत आणि जिथे माल विकला जातो तिथल्या भाषेत. ऑनलाइन विक्रीत हीच ओळ पैसे भरण्याआधी, वस्तूच्या चित्राजवळ दिसली पाहिजे. अमेरिकेने 2008 च्या कायद्यात संकेतस्थळावरच्या जाहिरातींनाही ही अट घातली. खोके घरी येऊन फुटल्यावर वाचलेली सूचना उशिराचीच.

या आकड्याची एक पळवाटही आहे. खुळखुळा, मऊ ठोकळे, दाबल्यावर वाजणारे रबरी बदक ही उघड उघड तान्ह्या मुलांची खेळणी. त्यांवरही ‘3+’ छापले की उत्पादक लहान भागांच्या चाचणीतून सुटतो आणि काही झाले तर दोष आईवडिलांवर जातो. खेळण्याचा आकार, उपयोग आणि रूप बघून ते कोणत्या वयाचे हे ठरावे, छापलेल्या आकड्यावरून नव्हे. वापराशी विसंगत सूचना लावता येत नाही, असा नियम युरोपात आहे. आपल्या तपासनिसांनाही तोच अधिकार हवा.

आता बटन सेल, म्हणजे बटनासारखे चपटे, गोल सेल. यातला सगळ्यात जास्त धोका आम्हाला इथेच दिसतो. 20 मि.मी. व्यासाचा, 3 व्होल्टचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. तो फुटावा लागत नाही, गळावाही लागत नाही. ओल्या ऊतींतून वीज वाहू लागते, ऋण बाजूशी तीव्र, भाजणारी अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. खेळण्याला पुरत नाही म्हणून काढून ठेवलेल्या सेलमध्येही एवढी वीज उरलेली असते. सेल काढल्यानंतरही भाजलेली जागा आतून खराब होत राहते. वरून दिसणारी लक्षणे म्हणजे लाळ गळणे, खोकला, खायला नकार. साधे सर्दीपडसे वाटावे अशीच. म्हणून पाकिटावर हे शब्द हवेत: ‘गिळल्याचा नुसता संशय आला तरी लगेच रुग्णालयात न्या. उलटी करवू नका.’

खेळण्याचे सेलचे झाकण स्क्रूने बंद असले पाहिजे, ही अट बहुतेक मानकांत आहेच. प्रत्यक्षात घोटाळा दुसऱ्या-तिसऱ्यांदा सेल बदलताना होतो. स्क्रू बारीक, तो झाकणातून सुटून कुठेतरी घरंगळतो. किंवा तो थेट प्लॅस्टिकमध्ये पिळलेला असतो, तिथले आटे झिजतात आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. मग झाकणावर चिकटपट्टी येते, आणि चिकटपट्टी सोलणे हा दीड वर्षाच्या मुलाचा आवडता उद्योग. उपाय किरकोळ आहे: सैल केल्यावरही झाकणातच राहणारा स्क्रू आणि तो बसायला धातूची चकती. चाचणीतही झाकण अनेकदा उघडून-बंद करून मगच ओढून बघावे.

शिवाय हा नियम फक्त खेळण्यांपुरता ठेवून उपयोग नाही. तोच सेल रिमोटमध्ये, वजनकाट्यात, शोभेच्या दिव्यात आणि गाणाऱ्या शुभेच्छापत्रात असतो, आणि रांगणाऱ्या मुलाला खेळणे कोणते नि रिमोट कोणता याच्याशी देणेघेणे नसते. ऑस्ट्रेलियात बटन सेलवर चालणाऱ्या सर्वच ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी सक्तीचे मानक जून 2022 पासून लागू आहे. अमेरिकेनेही त्याच वर्षी कायदा केला. सुट्या सेलचे पाकीटही मुलाला हाताने फाडता येणार नाही असे हवे.

चुंबकांची गोष्ट थोडक्यात. एक गिळला तर बहुधा निघून जातो. दोन गिळले तर आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना चिकटतात आणि मधली भिंत दबून तिला भोक पडते. नळकांड्यात मावणारा शक्तिशाली सुटा चुंबक लहान मुलांच्या कोणत्याही वस्तूत नसावा. पाण्यात फुगणाऱ्या जेलच्या गोळ्यांनाही हेच लागू. त्या पोटातही फुगतात आणि साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत.

पण आमचे मुख्य म्हणणे खेळण्यांपलीकडचे आहे. मानकांच्या लेखी खेळणे म्हणजे 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळावे म्हणून केलेली वस्तू. पाळणा, वॉकर, झुलती खुर्ची, उंच खुर्ची, पोटाशी बांधायची झोळी, बाबागाडी, अंघोळीची बैठक यांतले काहीच खेळण्यासाठी नाही. मूल दिवसाचा मोठा भाग यांतच असते, कित्येकदा एकटे. झुलत्या खुर्चीवर गुणवत्तेचा शिक्का दिसला तर तो नीट बघावा. अनेकदा तो वर टांगलेल्या खुळखुळ्याचा असतो, खुर्चीचा नव्हे. जिथे या साहित्याची मानके ऐच्छिक आहेत तिथे ती सक्तीची करा.

वॉकरपासून सुरुवात करता येईल. आत बसून पायाने ढकलायचा हा चाकांचा सांगाडा ‘बाळाला लवकर चालायला शिकवतो’ म्हणून विकला जातो. होते उलटे. त्यात मूल चवड्यांवर रेटा देते, तोल सांभाळायची जबाबदारी सांगाड्यावर असते आणि समोरच्या ताटलीमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत. चालायला लागतात त्या तिन्ही गोष्टींचा सराव राहून जातो. वर वेग सेकंदाला मीटरभराहून अधिक, म्हणजे हाताच्या अंतरावरचे मोठे माणूस उठेपर्यंत मूल जिन्याशी पोहोचलेले असते. रांगताना हाताला न लागणारी गरम भांडी नि लोंबणाऱ्या वायरी याच उंचीवर हाती येतात. कॅनडाने एप्रिल 2004 मध्ये वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात बंद केली, वापरलेल्या वॉकरचीसुद्धा. बंदी घालायला वेळ लागणार असेल तर निदान ‘लवकर चालते’ हा दावा आजच दिशाभूल करणारा ठरवा. ज्यांना काही द्यायचेच आहे त्यांनी मागे उभे राहून ढकलायचा पांगुळगाडा बघावा: तळाला वजन असलेला, मुठीवर भार टाकला तरी मागे न उलटणारा आणि चाके जरा जड फिरणारी. चाके सुळसुळीत असली की गाडा पुढे आणि मूल तोंडावर.

झोपण्याच्या साहित्याबाबत निकष स्पष्ट आहेत, ते फक्त लागू करायचे आहेत. कठड्याच्या दोन गजांमधले अंतर सुमारे 6 सें.मी.पेक्षा जास्त नसावे, नाहीतर धड निसटते आणि डोके अडकते. गादी सपाट आणि टणक. गादी आणि कठडा यांच्या फटीत दोन बोटे शिरली की गादी त्या पाळण्याची नाही. पहिल्या वर्षात आत उशी, मऊ खेळणे, कडेची गुबगुबीत पट्टी काही नको. सरकत खाली येणारी बाजू असलेले पाळणे अमेरिकेत 2011 पासून विकता येत नाहीत, कारण झिजलेल्या कड्यांतून बाजू निखळते आणि फटीत मूल अडकते. 10 अंशांहून जास्त उतार असलेली झोपण्याची साधने आणि त्या गुबगुबीत पट्ट्या तिथे 2022 च्या कायद्याने बंद झाल्या. तान्ह्या मुलाचे डोके जड, मान कच्ची. उतारावर हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडते, तीही आवाज न होता. म्हणूनच झुलत्या खुर्चीवर आणि मोटारीत बसवायच्या मुलांच्या सीटवरही ‘झोपेसाठी नाही, मूल झोपले तर सपाट जागी हलवा’ ही ओळ ठळक हवी.

मोटारीच्या सीटचे माहितीपत्रक अनेकदा फक्त परभाषेत असते, आणि चुकीची बसवलेली चांगली सीट काही कामाची नाही. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवल्यावर सीट 2.5 सें.मी.हून जास्त सरकता कामा नये, आणि खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येऊ नये. चित्रांसह एवढे सीटवरच चिकटवलेले असावे. उंच खुर्चीला दोन पायांमधून येणारा पट्टा नसेल तर मूल ताटलीखालून घसरते आणि मान अडकते. कंबरेचा एकटा पट्टा पुरत नाही. बिजागरीची फट 5 मि.मी.ची सळई आत घेत असेल तर 12 मि.मी.चीही घेतली पाहिजे. मधल्या मापात बोट शिरते आणि तिथेच चिरडते.

आवाजाबद्दल एक सूचना. बाळाचे हात आखूड, वाजणारे खेळणे थेट कानाशी जाते. अंतर दहापट कमी झाले की आवाज सुमारे 20 डेसिबलने वाढतो. मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावरून केलेली मोजणी तान्ह्या मुलांच्या खेळण्याला पुरेशी मानू नये. (घरात आधीच असलेल्या खेळण्यांचा स्पीकर जाड चिकटपट्टीने झाकला तरी बराच फरक पडतो.)

हे सगळे सक्तीचे करताना हाताने लाकडी खेळणी घडवणाऱ्यांचा विचार व्हावा. प्रत्येक नमुन्याची प्रत्येक चाचणी त्यांना परवडणारी नाही. अमेरिकेत रंग न दिलेल्या नैसर्गिक लाकडाला शिशाच्या चाचणीतून वगळले, कारण शिसे येते ते रंगातून. इथेही रंग आणि लाख यांची चाचणी विकणाऱ्या कारखान्याने करावी आणि कारागिराने ते प्रमाणपत्र जोडावे. लहान भाग, टोके आणि मजबुती यांच्या चाचण्या मात्र सर्वांना सारख्याच.

शेवटची मागणी सदोष माल परत मागवण्याबद्दल. उत्पादन तुकडीचा क्रमांक आज खोक्यावर असतो, आणि खोके पहिल्याच दिवशी रद्दीत जाते. क्रमांक आणि उत्पादनाचा महिना वस्तूवरच, न पुसला जाईल असा कोरलेला हवा. टिकाऊ साहित्याबरोबर ग्राहकाची नोंदणी करण्याचे कार्ड देण्याची सक्ती अमेरिकेच्या 2008 च्या कायद्यात आहे. आपल्याकडे फोन क्रमांकाने नोंद झाली तरी पुरे, मात्र तो क्रमांक जाहिरातीसाठी वापरता येणार नाही अशी अट घालून. पाळणे आणि बाबागाड्या एका घरातून दुसऱ्या घरात फिरतात, तेव्हा नोंद नव्या घराच्या नावे बदलण्याचीही सोय असावी.

माल परत मागवण्याच्या सूचनेत वस्तूचे छायाचित्र, क्रमांक नेमका कुठे बघायचा त्याची जागा, आणि पैसे किंवा बदली भाग मिळेपर्यंत काय करायचे हे तिन्ही असले पाहिजे: सेल काढून घ्या, दोरी कापा, पट्टा काढून टाका. सदोष पाळणा अख्खा रस्त्याकडेला ठेवला तर दुसरे कोणी तो उचलून सुतळीने बांधून वापरते. म्हणून तो मोडून टाकायची रीतही त्याच सूचनेत द्यावी: बाजू सोडवा, एक बाजू करवतीने कापा, स्क्रू आणि कड्या वेगळ्या फेका.

आपले,
लहान मुलांच्या खेळण्यांची आणि साहित्याची पारख करणारे आम्ही काही जण