कराचीवरील हल्ल्यामागची तयारीही सांगावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नौदल दिनानिमित्त, १९७१ च्या युद्धात भारतीय नौदलाने कराचीवर केलेल्या हल्ल्याविषयी आपल्या दैनिकात आलेला मजकूर वाचला. दरवर्षीप्रमाणे याही वेळी त्यात क्षेपणास्त्रांचा मारा आणि कराची बंदरातील किमारीच्या पेटलेल्या तेलटाक्या यांचेच वर्णन होते. हल्ला शत्रूला अनपेक्षित होता हे खरेच. पण तो आपल्या बाजूने किती आधीपासून घडत आला होता, हे निदान आम्हा गुजरातेतील वाचकांना तरी सविस्तर कळायला हवे.

त्याचे मूळ द्वारकेत आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानी युद्धनौकांनी रात्रीच्या वेळी द्वारकेवर तोफा डागल्या. हानी फारशी झाली नाही, परंतु पोरबंदरच्या उत्तरेस जाऊ नये असे बंधन सरकारनेच घातलेले असल्यामुळे नौदलाला प्रत्युत्तर देता आले नाही आणि तो सल पुढे सहा वर्षे राहिला. १९७० मध्ये नौदलप्रमुख झालेले ॲडमिरल एस. एम. नंदा यांचे बालपण कराची बंदरालगतच्या मनोरा येथे गेलेले होते. युद्धाची चिन्हे दिसू लागताच त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींची भेट घेऊन, कराचीवर हल्ला केल्यास सरकारची काही हरकत असेल काय, हे स्पष्ट विचारून घेतले. या एका भेटीला मी क्षेपणास्त्रांइतकेच महत्त्व देतो, कारण १९६५ ची अडचण पुन्हा आड येणार नाही याची तजवीज तिथे झाली.

दुसरी अडचण नौकांची होती. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या क्षेपणास्त्र नौका मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या. वेग मोठा, प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे, पण दूरच्या पल्ल्याला पुरेल एवढे इंधन नाही. शिवाय त्या इतक्या जड की मुंबईत त्या उतरवून घेण्याजोगी क्रेन नव्हती, म्हणून त्या कलकत्त्याला उतरवून तिथून दोराने ओढत, साऱ्या द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईला आणाव्या लागल्या. ज्या नौका एवढ्या लांबून ओढत आणता येतात त्या कराचीच्या दिशेनेही नेता येतील, हा विचार या खटाटोपातूनच पक्का झाला. माझ्या मते या मोहिमेतील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट हीच आहे, आणि नेमकी हीच कोणी सांगत नाही.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने भारतीय विमानतळांवर हल्ले केले. दुसऱ्या रात्री कमांडर बबरू भान यादव यांच्या नेतृत्वाखाली ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका कराचीजवळ पोहोचल्या. वेळ रात्रीची निवडली, कारण अंधारात जहाजांवर हल्ला करण्याची क्षमता पाकिस्तानी विमानांकडे नव्हती. ‘निर्घात’चे क्षेपणास्त्र ‘खैबर’ या विनाशिकेवर येऊ लागले तेव्हा तिच्यावरील नौसैनिकांना ते विमान वाटले. त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या आणि विमानांनी हल्ला केल्याचाच संदेश धाडला. समुद्रावरून असे अस्त्र येईल ही कल्पनाच त्यांना नव्हती. ‘खैबर’ आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंग काढणारी नौका त्या रात्री बुडाली. आपली एकही नौका गमावली गेली नाही.

तेव्हा मी आठवीत होतो. दांडिया बाजारातील आमच्या घराच्या खिडक्यांना वडिलांनी खळ लावून काळा कागद डकवला होता आणि दिव्यावर जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची टोपी बसवली होती. त्या पिवळ्या वर्तुळात बसून आम्ही रेडिओ ऐकत असू. ज्या ओखा बंदराच्या बाजूने या नौका कराचीकडे गेल्या ते आमच्याच राज्यातले, पण त्या किनाऱ्याजवळच्या समुद्रात काय चालले आहे याची आम्हांला गंधवार्ता नव्हती.

माझी विनंती एवढीच, की पुढील वर्षी द्वारका, ओखा आणि कराची एकत्र दाखवणारा नकाशा आपण छापावा, आणि तीन क्षेपणास्त्र नौकांच्या नावांबरोबर त्यांच्या सोबतीला गेलेल्या ‘किल्तान’ व ‘कच्छल’ या युद्धनौकांची आणि इंधन पुरवण्यासाठी असलेल्या ‘पोषक’ या तेलवाहू जहाजाचीही नावे द्यावीत.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक, दांडिया बाजार, वडोदरा