अवचित हाती लागणारी कादंबरी

संपादक महोदय,

जिचं नावही कधी कानावर आलेलं नसतं, तीच कादंबरी कधीकधी रात्रभर जागवते. अशी पुस्तकं याद्यांतून मिळत नाहीत; फोर्टच्या किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या ढिगात मिळतात. मलपृष्ठावरच्या स्तुतीकडे काणाडोळा करावा. पहिलं पान लेखकाने घासूनपुसून लिहिलेलं असतं, म्हणून मधलंच एखादं पान उघडून दोन परिच्छेद वाचावेत. तिथेही भाषा सैल पडली नसेल, तर पुस्तक घ्यावं.

घेण्यापूर्वी फर्मे, म्हणजे एकत्र दुमडून बांधलेल्या पानांचे जुडगे, तपासावेत. बरीच पुस्तकं १६ पानी फर्म्यांची असतात. बांधणीत एक फर्मा गळला की सलग १६ पानं जातात, तीही नेमकी ऐन रंगात. शेवटचं पान जागेवर आहे ना, तेही पाहावं (वाचू मात्र नये!). पावसाळ्यात ओल धरलेली प्रत कडक उन्हात टाकू नये. पुठ्ठा वाकतो, पाठीचा डिंक तडकतो. पानं फाकवून पंख्याखाली उभी ठेवावी.

ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावण्याच्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३. पण काही ग्रंथालयांत वाचकाला त्या क्रमांकाच्या कपाटापर्यंत जाऊच देत नाहीत. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं. नावच ठाऊक नसेल तर लिहायचं काय? निदान परत आलेली पुस्तकं तरी दिवसभर काउंटरजवळच्या टेबलावर मांडून ठेवावीत.

– एक वाचक, दादर