दोनदा सेप्टिक टँक उपसला, दोष तसाच! तुमच्या सर्व्हिसबद्दल तक्रार

नमस्कार,

महिनाभरात तुमची सक्शन गाडी आमच्याकडे दोनदा येऊन गेली आणि आज सकाळी बाथरूमच्या जाळीतून परत घाण पाणी वर आलंय. फ्लश केला की जाळीत आधी बुडबुड होते, मग काळं पाणी चढतं. सासूबाई म्हाताऱ्या आहेत, त्या पाण्यातून भिंत धरत बाहेर आल्या, अक्षरशः रडू आलं मला.

पहिल्यांदा तुमच्या माणसाने झाकण उघडलं, म्हणाला टँक भरलाय, उपसू. आम्ही हो म्हटलं. आठ दिवस बरे गेले, नवव्या दिवशी परत तुंबलं. फोन केला तर म्हणे तुमच्याकडे वापर जास्त आहे, परत उपसावा लागेल. अहो घरात माणसं चार, तीही तीच, मग वापर एकदम कुठून वाढणार?

मग मीच शोधाशोध केली, चार जाणत्यांना विचारलं, तेव्हा कळलं की सेप्टिक टँक कायम भरलेलाच असतो. जेवढं पाणी आत येतं तेवढं पलीकडून शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खडीच्या खड्ड्यात जातं, गाळ तळाशी बसतो आणि तेलकट थर वर तरंगतो. त्यामुळे बघायचं एवढंच की पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळाशी आहे की त्याच्या वर चढलंय. तळाशी असेल तर घोळ घराकडच्या लाइनमध्ये किंवा चेंबरमध्ये, वर चढलं असेल तर पाणी पुढे जात नाहीये, एकतर तो पाइप चोंदलाय नाहीतर शोषखड्डा. आणि हे उपसायच्या आधी बघावं लागतं, कारण एकदा उपसलं की पातळीची खूणच जाते. पहिल्या वेळी कोणी बघितलंच नाही.

दुसऱ्या वेळी मी मुद्दाम शेजारी उभी राहिले. पाणी त्या पाइपच्या चांगलं वीतभर वर होतं. उपसताना पातळी खाली गेली तशी त्याच पाइपमधून टँकमध्ये उलटं पाणी यायला लागलं, करंगळीएवढी धार, पंप बंद केला तरी चालूच. मी दाखवलं तर "येतं थोडं" म्हणाला. शोषखड्डा तुडुंब भरलाय, पाणी मुरत नाहीये, याची ती सरळ खूण होती! टँक रिकामा झाला म्हणून तो परत भरेपर्यंतचे दिवस तेवढे आम्हाला मिळाले, दुरुस्त काहीच झालं नव्हतं. तरी रिपोर्टवर लिहिलं "टँक साफ, सिस्टम ओके". वर सांगून गेला महिन्यातून एकदा ॲसिड ओता. ज्या जंतूंवर टँक चालतो तेच मारायचे का?

आणखी एक, आणि हे मला जास्त लागलं. होस अडकला तेव्हा तुमचा हेल्पर मुलगा टँकच्या तोंडात डोकं घालून वाकला, मास्क नाही, दोरी नाही. मी ओरडले तेव्हा मागे सरला. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, प्रमाण वाढलं की त्याचा वास येणंही बंद होतं आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. त्याला कोणी हे सांगितलंय का?

आता तिसऱ्यांदा उपसायला गाडी पाठवू नका. शोषखड्डा उघडून तपासणारा माणूस पाठवा, गाळ टँकमधून पुढे वाहून जाऊन खड्ड्याची खडी चोंदलीय का ते बघून कारण लेखी द्या, आणि दुसऱ्या उपशाचे पैसे परत करा, कारण ती खूण समोर दिसत असताना तुम्ही काम पूर्ण झालं म्हणून सही घेतलीत. तोपर्यंत वॉशिंग मशीन बंद आहे, आंघोळीला एकेक बादली, फ्लश पण मोजून. कोण येणार आणि कधी, ते आज संध्याकाळच्या आत फोन करून कळवा.

तुमची ग्राहक