एका दिवसात दात, पण पुढे काय?

महोदय,

वडोदऱ्यात ‘एका दिवसात पक्के दात’च्या पाट्या जागोजागी झळकताहेत. पद्धत खोटी नाही. स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट (दाताला आधार देणारे, जबड्याच्या हाडात बसणारे स्क्रू) बसवले. पुढे हाड धरेपर्यंत ३ ते ६ महिने थांबायचा प्रघात पडला. आता स्क्रू हाडात घट्ट बसला, तर दात लगेच चढवतात. पण त्या दिवशी मिळतात ते बहुधा तात्पुरते, ॲक्रिलिक या प्लास्टिकचे. माझ्या आईच्या अशाच ब्रिजचा (इम्प्लांटवर चढवलेल्या जोडदातांचा) कोपरा चकली खाताना उडाला; इम्प्लांट मात्र शाबूत! कायमचे दात कधी, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, तपासणी किती महिन्यांनी, हे दवाखान्यांनी आधीच लेखी द्यावे. मधुमेह असणाऱ्यांनी आणि तंबाखू खाणाऱ्यांनी तर आपला धोका स्पष्ट विचारल्याशिवाय पैसे भरूच नयेत.

– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा