नाना पेठेतल्या वायरिंगवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पत्र असं चारचौघांत लिहितेय, कारण दुकानात येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "बसा ताई, चहा सांगतो" म्हणून विषयच बदलता. तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता देत नाही. ते तुम्हालाही आवडणार नाही, आणि तुमच्या बोळात आधीच गाडी लावायला जागा नसते.

गाडीची हकिगत तुम्हाला तोंडपाठ आहे, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि मुठेचं पाणी एकतानगरीत शिरलं, तेव्हा आमची वॅगन आर पार्किंगमध्ये होती. पाणी सीटच्या उशीला लागून थांबलं, डॅशबोर्ड वाचला. पण सायलेन्सरमधून ते इंजिनात चढलं होतं. गाडी उचलून न्यायला आमचा नंबर लागेपर्यंत आत गंज धरला आणि इंजिन जाम. त्याच मॉडेलचं, तेच 998 सीसीचं सेकंडहँड इंजिन मिळालं, बसवलं, गाडी एका चावीत सुरू झाली. धायरी-नऱ्ह्याच्या मुलांना मी पुरवते ते डबे पुन्हा वेळेवर पोचायला लागले.

आणि मग चेक लाइट, इंजिनात दोष दिसला की डॅशबोर्डवर लागतो तो.

तो लागून राहिला असता तरी चाललं असतं. हा लागायचा, एक-दोन दिवस राहायचा, आपोआप विझायचा, पुन्हा आठवडाभराने डोळे वटारायचा. गाडी चालायला ठीक. अॅव्हरेज थोडं पडलं होतं आणि कधीकधी पेट्रोलचा वास यायचा, तेवढंच. एका गॅरेजमध्ये गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) तापमानाच्या सेन्सरचा कोड निघाला, सेन्सर बदलला. लाइट आला. दुसरीकडे थर्मोस्टॅट बदलला. लाइट आला. तिसऱ्यांनी बॉनेट न उघडताच निकाल दिला: "पाण्यात गेलेली गाडी आहे मॅडम, सगळं वायरिंग बदला, नाहीतर विकून टाका." वायरिंगच्या सेटचा आकडा ऐकून मी त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घातलं.

तुमच्याकडे मला पाठवलं ते स्पेअर पार्टवाल्यानेच. दुसरा सेन्सर मागायला गेले तर म्हणाला, "मी विकतो, पण आधी काकांना दाखवा."

तुम्ही गाडीला हात लावायच्या आधी स्टूल पुढे सरकवलंत आणि विचारलंत, "लागतो कधी?" मी म्हटलं, कधीही. "कधीही असं काही नसतं. गाडी गरम असते की गार? चढावर की सपाटीवर? एसी चालू असतो? लाइट लागल्यावर आणखी काय होतं?" तेव्हा मी तुम्हाला पंख्याचं सांगितलं. लाइट लागला की रेडिएटरचा पंखा लगेच पूर्ण जोरात सुरू होतो, सकाळच्या गार इंजिनवरसुद्धा. हे मी आधीच्या सगळ्यांना सांगितलं होतं. कुणी "हो, होतं तसं" म्हणालं, कुणी ऐकलंच नाही. तुम्ही मात्र कानावरची पेन्सिल काढून बिलबुकाच्या मागे लिहून घेतलंत. मग आणखी एक निघालं: लाइट बहुतेक वेळा सोसायटीतून रिव्हर्स घेऊन बाहेर पडताना लागतो. ते माझ्याही डोक्यात नव्हतं. तुम्ही "काल कुठे लागला, परवा कुठे लागला" असं खोदून विचारत गेलात तेव्हा ध्यानात आलं.

स्कॅनर लावल्यावर तुम्ही पहिली गोष्ट केलीत ती म्हणजे कोड पुसला नाहीत. आधी प्रत्येकाने कोड पाहिला की पुसून टाकला होता, जणू तोच आजार. तुम्ही सांगितलंत की दोष सापडतो त्या क्षणी गाडीचा संगणक एक नोंद करून ठेवतो: इंजिनचे फेरे किती, वेग किती, तापमान किती. कोड पुसला की तीही जाते. लाइट विझण्याचंही तसंच. गाडी सुरू करून बंद करेपर्यंत एक फेरी, अशा सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की संगणक लाइट विझवतो, पण आतली नोंद पुढे बरेच दिवस राहते. म्हणजे माझा लाइट बरा होऊन विझत नव्हता, तेवढ्या फेऱ्यांत दोष नुसता दिसला नव्हता.

नोंद उघडलीत. वेग शून्य, फेरे आयडलच्या जरा वर, आणि इंजिनचं तापमान उणे 40. मी म्हटलं, अहो, सिमला ऑफिसच्या, म्हणजे आपल्या हवामान खात्याच्या, सगळ्या वह्या चाळल्या तरी पुण्यात उणे 40 सापडायचं नाही. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "हीच तर गंमत आहे. ही थंडी नाही, ही तुटलेली तार आहे."

पुढचं मी त्या दिवशी शिकले ते जसंच्या तसं लिहिते, चुकलं असेल तर पुढच्या खेपेला कान धरा. हा सेन्सर थंड असला की त्याचा रोध जास्त, गरम झाला की कमी. संगणक 5 व्होल्ट पाठवतो आणि त्यातले किती उरले यावरून तापमान ओळखतो. वायर मध्येच तुटली तर 5 चे 5 उरतात, संगणकाला वाटतं भयंकर थंडी आहे, आणि तो उणे 40 लिहितो. हा आकडा खोटा आहे हे त्याला कळतं, म्हणून इंजिन तापून बसू नये यासाठी तो पंखा सरसकट चालू ठेवतो. पेट्रोलही अंदाजाने जास्त सोडतो. माझा पंखा, माझा वास, माझं पडलेलं अॅव्हरेज, तिन्ही एका दोरीत आले.

गाडीच्या कप्प्यात माझा जुना, काढून टाकलेला सेन्सर होता. तो तुम्ही मागून घेतलात, समोरच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी मागवलंत, आणि मीटरच्या दोन वायरी त्याला लावून तो ग्लासात बुडवलात. बाहेर साधारण अडीच हजार ओहम दाखवत होता, पाण्यात आकडा सरसर उतरून तीनशेच्या खाली गेला. पाणी निवत गेलं तसा पुन्हा चढत गेला, कुठेही उडी नाही. "हा चांगला होता," एवढंच म्हणालात. ज्यांनी बदलला त्यांच्याबद्दल एक शब्द नाही. मी बोलणार होते, पण तुमच्याकडे बघून गप्प बसले.

मग दुसरा कोड. आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर. त्याची नोंद अजून कच्ची होती, त्यामुळे लाइटपर्यंत आलीच नव्हती. कोड वारंवार पुसले गेल्यामुळे ती पक्की व्हायला वेळच मिळत नव्हता. दोन्ही सेन्सर वेगळे, जागा वेगळ्या, पण दोघांचा आकडा एकाच बाजूला पळत होता. "दोन सेन्सर एका वेळी मरत नाहीत ताई. दोघांची सामाईक वायर कुठली ते बघायचं." बिलबुकावर तुम्ही दोन चौकोन काढलेत, त्यांच्यापासून संगणकाकडे परत जाणारी एकच रेघ काढलीत आणि तिच्यावर प्रश्नचिन्ह. ते पान मी मागून घेतलंय.

मीटर लावला तर वायर साबूत, मीटर पींsss वाजतो. तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाहीत. म्हणालात, आतल्या तांब्याचा एक केस जरी जोडलेला असला तरी मीटर वाजणार. गाडी उभी असताना वायर चांगलीच दिसणार. तुमच्या पोऱ्याला आत बसवलंत, हँडब्रेक, ब्रेकवर पाय, रिव्हर्स गियर आणि क्लच अगदी थोडा वर. इंजिन माउंटिंगवर, म्हणजे त्याच्या रबरी आधारांवर, कलंडलं आणि स्कॅनरवर 91 चे झाले उणे 40. क्लच दाबला, 91. पुन्हा सोडला, उणे 40. पहिला गियर टाकून केलं तर काहीच नाही, कारण तेव्हा इंजिन उलट्या बाजूला कलतं. इतके महिने ज्या लाइटने मला नाचवलं तो तुमच्या पोऱ्याच्या डाव्या पायावर नाचत होता. मी खरंच टाळी वाजवली, शेजारच्या टायरवाल्याने वळून बघितलं.

कारण निघालं ते एवढंसं. जुन्या इंजिनवर वायरिंगची क्लिप अडकवायला एक पत्र्याची पट्टी होती. नव्याने आलेल्या इंजिनवर ती नव्हती. म्हणून बसवणाऱ्याने वायरिंग प्लास्टिकच्या टायने पलीकडच्या पाईपला बांधलं होतं, घट्ट. रिव्हर्सला इंजिन कललं की तिथे ताण. तुम्ही काळी नळी चिरलीत, टेप सोडवली, एकेक वायर चिमटीत धरून हळूच ओढून पाहिलीत. बाकीच्या ताठ. एक मात्र रबरासारखी लांबली, कारण आतलं तांबं तुटलेलं आणि नुसतं वरचं प्लास्टिक हातात होतं. वरून बघून कुणाला शंका आली नसती. पुराच्या पाण्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

तेव्हा मी विचारलं, मग चूक इंजिनवाल्याची का? तुम्ही म्हणालात, "इंजिन चोख बसवलंय त्याने. तेलाचा एक थेंब नाही बाहेर. पट्टी आली नाही त्याच्याकडे, त्याने काय करावं?" काका, मी एवढी उदार नाही. पण तुम्ही तसं बोललात म्हणून मी त्याला फोन करून भांडले नाही. नुसतं कळवलं. पुढच्या वेळी पट्टी बघून घेईन म्हणाला.

नवा तुकडा डाखीने जोडलात, वर स्लीव्ह चढवलीत, थोडी ढील ठेवलीत, आणि भंगारातून तशीच पट्टी शोधून क्लिप तिच्या जागी बसवलीत. बिलावर तीन ओळी: वायर, स्लीव्ह, मजुरी. पट्टीचे पैसे नाहीत. मी जास्त देऊ केले तर म्हणालात, पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन या, कच्ची नोंद राहिलीय का बघू, तोवर हिशोब पुरा नाही. आठवड्याने आले, काहीच नव्हतं. जाता जाता विचारलंत, "आरसीवर नवा इंजिन नंबर चढवलात का?" मी चढवला नव्हता, आता संगम पुलाच्या आरटीओत कागद दिलेत.

लाइट त्यानंतर लागला नाही. अॅव्हरेज पहिल्यासारखं आहे. मी रोज दुपारी रिव्हर्स घेताना डॅशबोर्डकडे बघते, ती खोड मात्र जायची नाही.

जास्तीचे पैसे घेतले नाहीत, डब्याचं काही बोलला नाहीत. येत्या शनिवारी दुपारी दोघांचा डबा आणते, तुमचा आणि त्या क्लचवाल्या पोऱ्याचा. भरली वांगी आणि ज्वारीची भाकरी. सोबत माझ्या मैत्रिणीची गाडी असेल, तिचा एबीएसचा, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेचा, लाइट पावसातच लागतो म्हणे. तिला सांगून ठेवलंय, कुणाला कोड पुसू द्यायचा नाही आणि कधी, कुठे लागला ते लिहून ठेवायचं.

तुमची,
सिंहगड रोडवरची डबेवाली ताई