‘आशीर्वाद’च्या जागी एक पाटी लावा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

वांद्रे पश्चिम हा तुमचाच मतदारसंघ, तेव्हा कार्टर रोडवरचा राजेश खन्नांचा ‘आशीर्वाद’ बंगला कुठे होता हे तुम्हाला सांगायला नको. मला मात्र मागच्या रविवारी तो सापडेना. भाचीला दाखवायला नेलं होतं. समुद्राकडे पाठ करून इमारती मोजत बसले. शेवटी एका शहाळेवाल्याने बोट दाखवलं, “काका का बंगला? वो टावर है ना, वहीं था.” काका म्हणजे राजेश खन्नाच.

राजेश खन्नांचा ‘आराधना’ सिनेमा १९६९चा. त्यानंतर माझी आई कॉलेज बुडवून, मैत्रिणींबरोबर चर्नी रोडहून लोकलने इथे यायची आणि फाटकासमोर ताटकळायची. एकदा राजेश खन्नांची गाडी बाहेर पडली. मुलींच्या रेटारेटीत आईच्या रुमालाला गाडीची धूळ लागली. तो रुमाल तिने धुवायचाच नाही असं ठरवलं होतं. आठवड्याभरात आजीने तो सोड्यात भिजत घातला.

हा बंगला बदनाम होता. भुताटकीचा, म्हणून गिऱ्हाईक मिळेना असं म्हणत. राजेंद्रकुमारांनी तो साठच्या दशकाच्या सुरुवातीला घेतला, लेकीच्या नावावरून ‘डिंपल’ नाव दिलं, आणि एकामागून एक रौप्यमहोत्सव करत ‘ज्युबिली कुमार’ झाले. पुढे गाडं उताराला लागल्यावर बंगला राजेश खन्नांकडे गेला. साडेतीन लाखांना, असं सांगतात. जुनं नाव राजेंद्रकुमारांनी स्वतःकडेच ठेवलं, म्हणून हा ‘आशीर्वाद’ झाला. गंमत बघा, १९७३ मध्ये राजेश खन्नांशी लग्न होऊन घरात आल्या त्या डिंपलच, डिंपल कापडिया! मग पडद्यावर अमिताभ बच्चन आले, खन्नांच्या फाटकासमोरची गर्दी पांगली, आणि लोकांना पुन्हा भूत आठवलं. सिनेमातली सद्दी चार-पाच वर्षांचीच असते, त्याला वास्तू काय करणार?

१८ जुलै २०१२ला याच घरात राजेश खन्ना गेले. घराचं संग्रहालय व्हावं ही त्यांची इच्छा छापून आली होती. २०१४ मध्ये सुमारे ९० कोटींना बंगला विकला गेला आणि दोन वर्षांत पाडलाही. मालकाने आपली जागा विकली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ९० कोटी सरकारने द्यायला हवे होते असंही मी म्हणणार नाही.

पण बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला ज्या घरात राहिले, ते आपल्याच राज्य सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, आणि उत्तम केलं. त्याच लंडनमध्ये घरांवर पाट्या लावायची पद्धत १८६७ पासूनची आहे. पहिली पाटी कवी बायरनच्या घरावर लागली. ते घरही पुढे पाडलं गेलं, पद्धत मात्र थांबली नाही. आपल्याकडे दगडी कमानी असल्या की वारसा. कमानी नसतील, तर तिथे कोण राहिलं याची नोंद ठेवायची कुणाला गरज वाटत नाही.

तर मागणी एवढीच : फुटपाथच्या कडेला एक पाटी. मराठीत. तिच्यावर ‘डिंपल’ आणि ‘आशीर्वाद’ ही दोन्ही नावं आणि साल असू द्या. भुताची अफवाही एका ओळीत येऊ द्या, लोक थांबून वाचतील. आणि पाली हिल, जुहूला जे जुने बंगले पुनर्विकासाला निघतील, तिथे परवानगीच्या अटींतच पाटी घाला. जागा दाखवायला शहाळेवाला रोज असतोच असं नाही.

आपली,
एक मुंबईकर